रुकैयासाठी कोंबडा

रुकैया लंडनला मुलाकडे कायमची निघाली होती आणि माझ्या हातची कोंबडी तिने अजून चाखलीच नव्हती.

बेटावरच्या आमच्या सुरिनाम गावात दोघींच्या घरांत बांबूचं एक कुंपण. त्यावरून ईदची शेवई इकडे यायची, गणपतीचे मोदक तिकडे जायचे. पण माझ्याकडे जेवायला बसली की तिला मासाच. कोंबडी मुसलमानानेच, अल्लाचं नाव घेऊन कापलेली हवी. माशाला ती अट नाही. माझ्या रश्श्याचं नाव पार रोझ हिलपर्यंत, आणि शेजारीण मासा खाऊन हात धुणार. चीड येणार नाही तर काय!

म्हणून तिच्या शेवटच्या रविवारी मी नवं पातेलं आणलं, कोरी सुरी आणली, लाल कोंबडा बांधून ठेवला आणि तो कापायला मशिदीच्या हाजीसाहेबांना बोलवायला गेले. दाराला कुलूप. सगळी मंडळी लग्नाला गेलेली. खाटकाचं दुकान बंद. एक मुसलमान गवंडी भेटला, चांगला दांडगा, तर म्हणतो, "आयो चाची, रक्त पाहिलं की मी आडवाच होतो!"

भर उन्हात परत आले. देवराज, म्हणजे आमचे हे, पायरीवर उसाचा कोयता धूत बसले होते. तोंडभर हसू.

"झालं तुझं काम! कापला. आणि बिस्मिल्ला म्हणून कापला, हो! चांगलं मोठ्याने."

"तुम्ही म्हणून काय उपयोग? म्हणणारा मुसलमान लागतो!"

"कोंबड्याला काय कळतंय कोण म्हणतंय ते?"

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून रुकैया आली, जाण्याचे कपडे घालूनच. चार वाजता जावई गाडी आणणार, मुलीकडे गुडलँड्सला नेणार, आणि तिथून विमान. सगळं ऐकून ती आधी पोट धरधरून हसली.

"देवराजभाई, तुमची नियत अल्लाला पोचली. कोंबडा मात्र तुम्हीच खा." मग माझ्याकडे वळली. "पण चंपा, गावभर पुरुष कशाला शोधत होतीस? मला सांगायचंस. मी कापला असता."

"तू? बाईमाणसाने कापलेलं चालतं?"

"न चालायला काय झालं? मुसलमान असली, नाव घेतलं, सुरी धारदार असली की झालं. माझी आईच कापायची घरी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? ताट वाढलं की मासा. मला वाटलं, तुमच्यात कोंबडी आम्हाला वाढत नसतील."

डोकं आपटावं असं वाटलं. दोघी शहाण्या, मधे एक कुंपण, आणि दोघींनी मिळून अख्ख्या समुद्राचा मासा संपवला!

परसात अंड्यावरची एक पांढरी कोंबडी उरली होती. मी तिच्याकडे पाहिलं, रुकैयाने माझ्याकडे.

"राहू दे गं. अंडी देते ती."

"गप्प बस. ही घे कोरी सुरी."

तिने पदर खोचला, कोंबडीला हळूच कुरवाळलं, अल्लाचं नाव घेतलं आणि एकदाच सुरी फिरवून सफाईने काम केलं. रक्त पुरतं वाहून जाऊ दिलं. मी पिसं काढली, तिने मसाला वाटला. देवराजना चुलीजवळ फिरकू दिलं नाही.

रस्सा नुकताच उकळायला लागला होता, तर बाहेर भोंगा वाजला. जावई घाईचा. कोंबडी अजून कच्ची.

रुकैयाने पातेलंच उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली. "मुलीच्या चुलीवर शिजवते. मीठ टाकलंयस ना?"

"टाकलंय," मी म्हटलं.

ती जेवली असणार. मी मात्र तिला जेवताना पाहिलं नाही, आणि मला तेवढंच तर पाहायचं होतं.

आत आले तर देवराज सोललेल्या कोंबड्यापाशी उभे. "मग याचं काय करायचं?"

"शिजवा तुमचं तुम्ही," मी म्हटलं. "आणि बिस्मिल्ला म्हणून खा."