कॉलरच्या आतला रक्तगट

सिनेमासाठी शर्ट हवेत, असं दिराने सांगितलं होतं, आणि घरच्या शिवणकामाच्या दुकानात कोणी उलट प्रश्न केला नव्हता. कापड जाड, मातकट हिरवं. सासरे कापायचे, नवरा मशीनवर बसायचा, आणि ती पाळण्याला पायाने झोका देत कॉलर, काजं, बटणं सांभाळायची. दिराला घरात सगळे सेनापती म्हणायचे, कारण लहानपणी खेळात तो कधी शिपाई व्हायला तयारच नसायचा.

त्या दुपारी सेनापतींनी तिच्यापुढे कापडी पट्ट्यांचा गठ्ठा टाकला. प्रत्येक पट्टीवर रक्तगट छापलेला.

"वहिनी, या कॉलरच्या आत लावा. बाहेरून दिसायला नकोत."

"दिसायच्याच नाहीत, तर सिनेमात काय कामाच्या?"

"खरेपणा लागतो हो," म्हणत तो आतल्या खोलीत सटकला.

तिने पुढचा शर्ट ओढला आणि तिचा हात थांबला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड होती. सासऱ्यांची कातर अशी चुकत नसे. लहानपणी कोपर मोडून वाकडा बसलेला डावा हात या घरात एकाचाच होता, आणि तो समोर खाली मान घालून मशीन चालवत होता. हिरवं कापड, रक्तगट, आणि सीमेपलीकडच्या बातम्या बघून रोज पेटणारे दोघे भाऊ: हे शर्ट सिनेमाचे नव्हते.

"बाबा, ही बाही कोणाची?"

सासरे खडू घासत राहिले. कुणालाही सांगू नका, असं थोरल्या पोराने बजावलं असणार. पण त्याचाच शर्ट चुकीच्या मापाने कापणं काही त्यांच्या हाताला जमलं नव्हतं.

मशीन थांबलं. "तुला सांगणारच होतो," नवरा म्हणाला.

"कधी? सीमेपलीकडून?"

आतून दीर आला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पलीकडे आपल्या माणसांना मारतायत, वहिनी. आपलं सरकार हातावर हात ठेवून बसलंय. मग आम्हीच जाणार."

"सरकारचं त्या देशाशी युद्ध नाही. तुम्ही स्वतःच्या हिमतीवर लढायला गेलात तर तो गुन्हा आहे. तयारी केली तरी गुन्हा. हे शर्ट शिवणं हीसुद्धा तयारीच."

"तुमचं कॉलेजचं शिक्षण बोलतंय. तो कायदा भित्र्यांनी केलाय."

"ज्यांच्या घरात पाळणा होता त्यांनी केलाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सरकार चुकलं तर मी त्याला मत देणार नाही, चौकात उभी राहून शिव्या देईन. तुम्हाला कोणी निवडून दिलं, भाऊजी? तुम्ही तिकडे चार गोळ्या झाडून याल आणि त्यांचं उत्तर तुमच्या मागोमाग या गल्लीत येईल. ते दार ठोठावून सेनापती कुठे राहतात, असं विचारणार नाही."

"आणि पलीकडच्या पोरांचं काय?" नवरा हळूच म्हणाला.

या प्रश्नाचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. ती पोरं तिलाही रोज दिसत, बातम्यांत, बाळाला भरवताना. पण त्यांच्या नावाने तिच्याशी खोटं बोलायचं, तिच्याच हातून शिवून घ्यायचं?

तिने बाळाला कडेवर घेतलं, तो आखूड बाहीचा शर्ट उचलला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"पोलीस चौकीत. पहिलं नाव माझंच सांगणार आहे. निम्म्या कॉलर मी शिवल्यात."

"तू मला तुरुंगात घालणार?"

"हो. तिथे भेटायला तरी येता येतं."

दीर दाराकडे सरकला. तेवढ्यात सासऱ्यांनी खडू खाली ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "जाऊ दे तिला."

ती जिना उतरली. मागे पावलं वाजली, एकाच माणसाची. ती थांबली नाही, वळून पाहिलंही नाही. रस्त्यावर येईपर्यंत नवरा बरोबरीला आला होता. तिने त्याला माफ केलं नाही. फक्त बाळ जड झालं तेव्हा त्याच्याकडे दिलं.