दगडफूल भाजताना

भाद्रपदातल्या तापातून उठल्यावर पद्माला कळलं, की आपल्याला कसलाच वास येत नाही. दूध करपून पातेल्याला लागलं होतं आणि ती शेजारीच भाजी चिरत बसली होती. बाहेरच्या खोलीतून तिचे यजमान रत्नाकर धावत आले, त्यांनी गॅस बंद केला आणि हिचं लक्ष नव्हतं असं समजून परत गेले. तिनंही तसंच समजू दिलं. अशक्तपणा गेला की वास परत येईल, असं तिला वाटलं. दिवाळी झाली तरी आला नव्हता.

ते राहायचे अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. काशीत जी मराठी घरं उरली होती, त्यांतल्या बऱ्याच घरांत पद्माचाच गोडा मसाला जायचा. तो तिला सासूबाईंनी शिकवला होता, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि वास सुटला की उतरवायचा, एवढंच त्यातलं शिक्षण. धने, तीळ, खोबरं यांचा निदान रंग तरी बदलतो. दगडफूल मुळातच काळपट. ते कच्चं आहे की करपलं, हे फक्त नाक सांगतं.

अशात एका संध्याकाळी रत्नाकर बँकेतून खुशीत आले. टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या पाककृतींच्या कार्यक्रमात बनारसमधल्या निरनिराळ्या समाजांचं घरचं जेवण दाखवणार होते. कार्यक्रमाचे निर्माते दिनानाथजी बँकेत आले असताना रत्नाकरांनी त्यांना या मसाल्याबद्दल सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात घरीच शूटिंग करायचं ठरवूनही टाकलं.

"आईचा मसाला आता कायमचा राहील," ते म्हणाले.

पद्मा हसली आणि पोळी लाटायला वळली. आता खरं सांगायचं तर इतके दिवस का लपवलं, हेही सांगावं लागणार होतं. आणि एकदा हे बाहेर गेलं, की तिच्या हातचा मसाला कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं दार लावून दगडफूल भाजायला घेतलं. कढईवर वाकून वाकून पाहिलं, आवाज ऐकला, बोटांनी चुरून बघितलं. काही उमगेना. तेवढ्यात मुलगी ईशानी कॉलेजातून आली आणि दारातूनच तिनं विचारलं, काय जळतंय? पद्मानं घाईघाईनं गॅस बंद केला आणि फडकं पेटलं होतं म्हणून सांगितलं. फडकं कुठंच नव्हतं. ईशानीनं आईकडे नीट पाहिलं. मग फळीवरची एक डबी काढून तिनं आईला डोळे मिटायला लावले आणि डबी नाकाशी धरली.

"हे काय आहे?"

पद्मानं खोल श्वास घेतला. "वेलदोडा," ती म्हणाली.

डबीत हिंग होता.

ईशानीचं म्हणणं होतं, बाबांना सांगून सगळं कॅन्सल करून टाकू. पद्मानं ऐकलं नाही. मग ईशानीनंच भाजायच्या वेळी जवळ उभं राहायचं आणि वास सुटला की खोकायचं, असं ठरलं. पण वास नेमका कोणता, हे तिला तरी कुठं माहीत होतं? ती हा मसाला जन्मभर खात आली होती, भाजताना मात्र कधी बसली नव्हती. पद्मा आठवून आठवून सांगायची, आधी उन्हात वाळलेल्या लाकडासारखा येतो, मग त्यात जरा गोडसरपणा येतो, तिथंच थांबायचं. ईशानी कधी आधी खोकायची, कधी उशिरा. चव घेऊन ठरवावं, तर पद्माच्या जिभेला मीठ आणि साखर सोडून काही कळत नव्हतं. शेवटी त्या मसाल्याची आमटी करून रत्नाकरांना वाढायची आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढाच उपाय उरला. एकदा ते म्हणाले, आज कडवट लागतेय. एकदा काहीच न बोलता अर्ध्यावर ताटावरून उठले. पद्माला झोप लागेनाशी झाली. शूटिंगच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली.

दिवस उजाडला. स्वयंपाकघरात दोन मोठे दिवे लागले, आवाज नको म्हणून पंखा बंद झाला. फ्रेममध्ये गर्दी होते म्हणून दिनानाथजींनी ईशानीला बाहेर जायला सांगितलं. ती पार उंबऱ्यापलीकडे, तंबाखू चघळत उभ्या असलेल्या लाइटवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिली. धने झाले, तीळ झाले, खोबरं झालं. पद्मानं दगडफूल कढईत टाकलं.

दिनानाथजींनी हिंदीत विचारलं, हे झालं कसं ओळखायचं?

पद्मानं दाराकडे पाहिलं. ईशानीनं हताशपणे मान हलवली. एवढ्या लांब तिला काहीच कळत नव्हतं. उलथनं फिरवता फिरवता पद्माच्या पाठीवरून घाम ओघळला. झालं असं आत्ता म्हणून टाकलं असतं, तर टीव्हीपुढच्या कुणाला कळलं असतं? पण उद्या कुणीतरी बाई हे बघून, एवढाच वेळ धरून दगडफूल भाजणार होती, आणि सासूबाईंचा मसाला म्हणून तेच पुढे चालणार होतं.

तिनं गॅस बंद केला.

"भाईसाहब, मुझे खुशबू नहीं आती," ती म्हणाली. "बीमारी के बाद चली गई. मेरी बेटी को आती है. उसको यहाँ खड़ा कीजिए."

रत्नाकर भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिले. दिनानाथजींनी जरा विचार करून ईशानीला आत बोलावलं. नवं दगडफूल कढईत पडलं. ईशानी वाकली, वाट बघत राहिली, आणि मग खोकण्याचं विसरून मोठ्यानं म्हणाली, "आई, आत्ता. उतरव."

रत्नाकर चार दिवस कमीच बोलले. मला सांगायला काय झालं होतं, एवढंच एकदा म्हणाले, आणि मग स्वतःच तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, नाहीही.

कार्यक्रम लागला तेव्हा पद्मा खोलीत थांबली नाही. तिचं बोलणं टीव्हीवाल्यांनी कापलं नव्हतं. संध्याकाळी घाटावर राहणाऱ्या मृणालिनीकाकू आल्या. आता मसाला नको म्हणायला आल्या असतील, असं वाटून पद्मा चहा टाकायला उठली. काकूंना एवढंच विचारायचं होतं, की चैत्रात मसाला कराल तेव्हा माझ्या सुनेला पाठवू का? ईशानी उद्या लग्न होऊन गेली, तर इथं कुणाला तरी हे यायला नको का?

चैत्रात सून आली. ती आणि ईशानी कढईवर वाकून बराच वेळ वाद घालत होत्या. पद्मा बाहेर तांदूळ निवडत बसली. दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत येऊन बसली.