सुईतली जलदेवी

ठाकरवाडीच्या माळावर अख्खी वाडी लोटली होती. मधोमध पाण्याची जागा सांगणारा जलबुवा, त्याच्या एका हातात काचेच्या झाकणाची डबी, डबीत थरथरणारी सुई आणि दुसऱ्या हातात पितळी टोपीची काठी.

"यंत्र विलायती, पण आत देवी आपली! साहेबाशी इंग्रजी बोलते, आपल्याकडून कोंबडं खाते!" बुवा गरजला. मंत्र पुटपुटत त्याने काठी फिरवली. सुई गर्रकन वळली आणि माणसांनी कपाळं जमिनीला टेकली.

टेकणारच! गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात सर्वेवाला साहेब सुईचंच यंत्र घेऊन आला होता आणि तिथल्या विहिरीला पाणी लागलं होतं. सुई म्हणजे पाणी, एवढं वाडीने पक्कं धरलं. बुवाने दाखवलेल्या जागी खणलेले दोन खड्डे मात्र ठणठणीत कोरडे निघाले.

"पाणी होतं! कुणाच्या तरी पापानं पळालं. देवीच सांगेल कुणाच्या!" बुवा म्हणाला.

बुवा भागीपुढे थांबला. काठी पुढे झाली आणि सुई भागीकडे वळली.

भागीची पोर मागच्याच महिन्यात हगवणीने गेली होती. तेव्हापासून ती खणायची, खायची, निजायची. आत काही हलत नव्हतं.

"पोर खाल्ली, आता पानी खाल्लं!" तिची जाऊ सोमी किंचाळली. "हाकला रं हिला वाडीतून!"

भागीला भीतीसुद्धा वाटली नाही. बुवाने काठीने तिला मागे ढकललं, तसं काठीचं टोक तिच्या कमरेच्या कोयत्याला टक्कन चिकटलं. बुवाने हिसकलं. पुन्हा चिकटलं.

"ही काठी का वं माझ्या कोयत्याला धरतेय?" भागीने विचारलं.

खालापूरच्या शाळेतले इद्रिस मास्तर गर्दीतून पुढे आले. त्यांनी काठी घेतली आणि सोमीच्या दिशेला धरली. सुई सोमीकडे!

"अगं बया, मी काय केलं?"

"काही नाही. भागीनंही नाही." मास्तरांनी टोकाची पितळी टोपी उपसली. आत लोहचुंबक होतं. बुवाने डबी तिथेच टाकून ओढ्याची वाट धरली.

"आन् सायबाची सुई?" सोमीने हळूच विचारलं.

"साहेब जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतो. ओल्या जमिनीतून ती सहज जाते, कोरड्या खडकात अडते. सुई तेवढंच दाखवते."

"ती तरी खरी कशावरनं?" भागी म्हणाली.

"हेच विचारायचं, बाई! सगळ्यांना. मलासुद्धा. साहेबाचाही अंदाज चुकतो. पण खड्डा कोरडा निघाला, तर तो पुन्हा मोजायला बसतो. बाईला गावाबाहेर काढत नाही."

भागी हसली नाही. कोरड्या खड्ड्यात उतरून तिने आपली कुदळ वर काढली.

"मग बोलवा त्या सायबाला," ती म्हणाली.