एकच आकडा

माझा धाकटा भाऊ ऑर्लिन सरकारी आश्रमात राहतो. त्याची समज चार-पाच वर्षांच्या पोराएवढी राहिली, आणि आता डोकं पांढरं झालंय. आई गेल्यावर मी त्याला तिथं ठेवलं. खोलीच्या खिडकीतून धान्याची मालगाडी दिसते, तेवढ्यावर तो खूश असतो. एकदा भिंती रंगवायच्या म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं, तर पठ्ठ्यानं जेवणच टाकलं. जुन्या खोलीत परत आणला तेव्हा कुठे त्यानं तोंडात घास घेतला.

हा आश्रम दर वसंतात बंद पडायला टेकायचा. आमच्या राज्यात गव्हर्नर हत्तीच्या निशाणीवाल्या पक्षाचा आणि विधिमंडळ गाढवाच्या निशाणीवाल्यांचं. दोघांचे हिशेबनीस वेगळे. एकाचा म्हणायचा, यंदा कर भरपूर जमणार, दर कमी करा. दुसऱ्याचा म्हणायचा, तिजोरीत खडखडाट आहे, कशाला हात लावू नका. मग अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात दार लावून सौदा चालायचा, आणि त्यात अशा आश्रमांची मान सुरीखाली धरायची. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्याच्या जिवावर बेतायचं.

लोक वैतागले आणि गेल्या वर्षी नवा कायदा झाला. पुढच्या वर्षी कर किती जमेल याचा आकडा आता एकच असणार. तिघांनी बसून तो ठरवायचा: गव्हर्नरचा एक, विधिमंडळाचा एक, आणि तिसरा बाहेरचा, पण दोघांनाही चालेल असा. दार उघडं ठेवायचं, ज्याला ऐकायचं त्यानं येऊन बसायचं. एकदा आकडा ठरला की दोन्ही बाजूंनी तोच धरून खर्च मांडायचा. खर्चाची कात्रीही आधीच जाहीर करून टाकली होती. आकडा नऊशे वीस कोटी डॉलरच्या खाली गेला तर सगळ्यात आधी ऑर्लिनचा आश्रम बंद, आणि तिथली माणसं चार गावांत वाटायची.

म्हणून मार्चमधल्या त्या सकाळी मी राजधानीला निघालो. गाडी एल्डन चालवत होता. त्याचं माझं कुंपण एक आणि मत कायमचं उलटं. तो जन्माचा हत्तीवाला.

"विल्मर, तुझ्या गाढवांनी आकडा किती खाली पाडलाय, ऐकलंस का?" रस्ताभर त्याचं हेच चाललं होतं.

"तुझ्या हत्तीनं किती फुगवलाय ते बघ आधी."

"हत्ती मुळातच मोठा असतो रे. फुगवावा लागत नाही."

सभेची खोली विधानभवनाच्या घुमटाखालीच होती. दारातल्या पहारेकऱ्यानं आमच्या चिखलाच्या बुटांकडे बघत विचारलं, "आजोबा, स्वच्छतागृह शोधताय का?"

"नाही बाबा, सरकार शोधतोय," एल्डन म्हणाला.

ऐकायला कुणी येईल असं कुणाला वाटलंच नसावं. मोजक्याच खुर्च्या होत्या. एक वर्तमानपत्रवाली मुलगी होती आणि आम्ही दोघं म्हातारे. समोर टेबलाशी तिघं बसले होते. गव्हर्नरचा ब्रँट, तरणाताठा, नव्या कोटातला. विधिमंडळाच्या लोइसबाई. आणि मधे इर्मा वोसिका. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, दोन्ही पक्षांना न आवडणारी, आणि म्हणूनच दोघांना चालणारी.

इर्माबाईंनी आकडे विचारले. ब्रँट म्हणाला, "नऊशे चाळीस कोटी."

लोइसबाई म्हणाल्या, "आठशे ऐंशी."

आठशे ऐंशी म्हणणारी बाई आमच्या पक्षाची होती. तिला आश्रम मोडायचा नव्हता, फक्त गव्हर्नरची करकपात अडवायची होती. एल्डन माझ्या कानाशी वाकला. "तुझंच गाढव तुझ्या भावाला लाथ घालतंय रे." पण या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

ब्रँटनं हसून हात पसरले. "नेहमीसारखा मधला काढू या. नऊशे दहा. वाद मिटला."

"चालेल," लोइसबाई म्हणाल्या आणि फाईल मिटायला लागल्या.

एवढ्या सहज. त्यांना हीच सवय होती. तू थोडं चढव, मी थोडं उतरवते, मग मधे भेटू. ऑर्लिन त्या मधल्या खड्ड्यात पडत होता, आणि टेबलाशी कुणाला ते दिसत नव्हतं. मी खुर्ची घट्ट धरली. बोलायची परवानगी नव्हती, फक्त ऐकायची होती.

एल्डनला मात्र परवानगीशी कधीच देणंघेणं नव्हतं. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, डुकरांच्या बाजारातसुद्धा आधी वजन करतात आणि मग घासाघीस!"

पहारेकरी पुढे आला. इर्माबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"बसा तुम्ही, पण आता गप्प," त्या एल्डनला म्हणाल्या. मग दोघांकडे वळल्या. "मीही हेच विचारणार होते. मधला आकडा म्हणजे अंदाज नव्हे, तो सौदा झाला. सौदा विधिमंडळात जाऊन करा. मला काट्यावरचं वजन सांगा. घासाघिशीसाठी फेरफार करण्याआधी तुमच्या माणसांनी किती काढला होता?"

वर्तमानपत्रवाल्या मुलीचा हात वहीवर थांबला. दार बंद असतं तर त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं, असं मला अजून वाटतं. पण दार उघडं होतं.

लोइसबाईंनी चष्मा काढला. "नऊशे चोवीस."

"काय?" ब्रँट म्हणाला.

"आमचा खरा अंदाज नऊशे चोवीस आहे. तुम्ही चढवून आणणार हे ठाऊक होतं, म्हणून मी उतरवून आणला."

ब्रँटचे कान लाल झाले. "आमचा नऊशे सव्वीस," तो म्हणाला. "तुम्ही उतरवणार, म्हणून आम्ही…"

मग तोच हसला. लोइसबाईही हसल्या, जराशा शरमून. इर्माबाई हसल्या नाहीत. विक्रीकराचं काय धरलंय, मक्याचा भाव काय धरलाय, हे त्या एकेक करून विचारत राहिल्या. दोघांनी सांगितलं, आणि दोघांचं जवळजवळ सारखंच निघालं. दुपारच्या जेवणाआधी तिघांनी सह्या केल्या. नऊशे पंचवीस.

"उठ की," एल्डन म्हणाला. "झालं."

मी बसूनच राहिलो. "थांब जरा," म्हटलं. तो थांबला. खिशातला रुमाल काढून माझ्याकडे न बघताच पुढे केला.

पुढच्या मार्चला पुन्हा आकडा ठरणार, हे मला कळतं. तो खाली गेला तर गेला. मक्याचा भाव पडला तर आम्ही सगळेच पडू, त्याची तक्रार नाही. पण कुणाच्या तरी हट्टापायी माझ्या भावाचं बिऱ्हाड उठणार नाही, एवढं झालं.

परतताना आश्रमावरून आलो. मागच्या अंगणात सारे वाफे खणत होते, ऑर्लिनही त्यात होता. तिथं आजवर मुळेच लावायचे, कारण ते महिन्यात निघतात. टोमॅटो पिकेपर्यंत आपण इथं असू की नाही, याची कुणालाच खात्री नसायची. देखभाल करणाऱ्या बाईंना मी बातमी सांगितली. त्या लगेच आत गेल्या आणि कपाटातून बियांचं पाकीट घेऊन आल्या.

ऑर्लिननं पाकिटावरचं लाल चित्र बघितलं. "टोमॅटो?"

"टोमॅटो," मी म्हणालो.

"एल्डनला नाही द्यायचा."

"का रे बाबा?" एल्डननं विचारलं.

"तू सगळे खातोस," ऑर्लिन म्हणाला आणि पुन्हा खणायला लागला.