मधल्या मेंदूचं कुलूप

डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेल्या दहा वर्षांच्या श्रेयाने हातातलं कार्ड नाकाशी नेलं, दोनदा हुंगलं आणि ठणकावून सांगितलं, "हिरवा!" कार्ड हिरवंच होतं. लालबागच्या त्या मंडळाच्या हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. मग तिने वर्तमानपत्र हुंगून मथळा वाचला, तेव्हा तर मागच्या रांगेतल्या गंगुबाईंनी उभं राहून हातच जोडले.

"मोठा मेंदू सगळ्यांचा चालू, छोटा मेंदू सगळ्यांचा चालू," हितेंद्रगुरुजी माइकमध्ये गरजले. "पण मधल्या मेंदूला काय आहे? कुलूप! आणि चावी आपल्याकडे आहे. दोन दिवसांचा कोर्स, थोडं म्युझिक, बस्स! मग डोळ्यांची गरजच काय? सायन्स आहे काका, प्युअर सायन्स! विचारा आपल्या सरांना!"

सर म्हणजे रमाकांत साळसकर. गळ्यात शाल, मांडीवर नारळ आणि स्टेजवर गुरुजींच्या शेजारची खुर्ची. परळच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत मात्र त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे मागच्या रविवारी गुरुजी "सर, जरा मेंदूची आकृती काढता का?" म्हणाले, तेव्हा सर असे खुलले की विचारू नका. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, खाली लोंबणारा मेरुरज्जू, सगळं नावानिशी फळ्यावर काढून दिलं. मध्यमस्तिष्क तर लाल खडूने रंगवलं. गुरुजींनी त्याच लाल ठिपक्यावर कुलूप काढलं, तेव्हा सरांना किंचित खटकलं होतं. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि त्यातल्या आपल्यासाठी किती, याचा अंदाज घेण्यात ते गुंतले.

"आता आपल्या शांताकाकू!" गुरुजी म्हणाले. "काकूंना काचबिंदू. डॉक्टर म्हणतो, जन्मभर थेंब घाला. काकूंनी आठ दिवस झाले, थेंब बंद केलेत! वाजवा टाळ्या!"

टाळी वाजवायला उचललेले सरांचे हात तसेच राहिले. शांता म्हणजे त्यांचीच बायको. पहिल्या रांगेत उभी राहून ती संकोचाने हसत होती.

सर स्टेजच्या कडेला आले. "शांता, थेंब बंद केलेस? मला न विचारता?"

"अहो, तुम्हाला काय विचारायचं? तुम्हीच तर फळ्यावर काढून दाखवलंत ना सगळं? म्हटलं, तुम्ही वर चढलात म्हणजे खरंच असणार."

काचबिंदूत वाढलेला दाब डोळ्यामागची नस हळूहळू मारतो, आणि मेलेली नस परत येत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या रविवारीही ठाऊक होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

श्रेया पुढचं कार्ड हुंगत होती. सर प्रथमच तिच्याकडे नीट बघू लागले. हनुवटी वर, मान जराशी मागे, आणि कार्ड नाकाखाली. हा पवित्रा ते चांगला ओळखून होते. बोर्डाच्या परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून फिरताना त्यांनी अशी कितीतरी पोरं पकडली होती. मांडीत चिठ्ठी असली की तोंड फळ्याकडे आणि नजर खाली. दोन हातांच्या अंतरावर बसूनही हे त्यांना आतापर्यंत दिसलं नव्हतं, कारण त्यांचं निम्मं लक्ष शालीच्या घडीकडे होतं.

"बाळा, आता हे ओळख," म्हणत सरांनी एक कार्ड तिच्या कपाळासमोर धरलं.

श्रेयाने मान आणखी मागे टाकली, पण रंग काही तिला सांगता येईना.

"सर, एनर्जी डिस्टर्ब होते हो!" गुरुजी धावले. "समोरचा निगेटिव्ह झाला की मधला मेंदू ऑफ होतो."

"आणि कार्ड नाकाखाली आलं की ऑन होतो?"

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी श्रेयाची पट्टी सोडली, "तुझी काही चूक नाही हं," म्हणाले आणि तीच पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली बोटभर फट होती. मागून पुढे आलेल्या गंगुबाईंनी त्यांच्या हातात गुरुजींचंच हँडबिल दिलं. सरांनी ते साग्रसंगीत हुंगलं आणि वाचलं, "जागा मर्यादित, आजच नाव नोंदवा!"

आता हॉल खदखदून हसला. श्रेया हळूच म्हणाली, "मला सांगितलेलं, दिसलं म्हणायचं नाही. वास आला म्हणायचं." गुरुजींना त्याच क्षणी वरळीचा दुसरा कार्यक्रम आठवला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी शांताबाईंना तपासलं. दाब वाढला होता, पण नसेला नवी इजा दिसत नव्हती. "आणखी काही महिने असेच गेले असते तर मला काही करता आलं नसतं," ते म्हणाले. बाहेर बाकावर बसून सर लहान मुलासारखे रडले.

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच हॉलमध्ये सभा घेतली. बावीस माणसं आली.

"डोळा चित्र घेतो, नस ते पोचवते आणि मोठ्या मेंदूचा मागचा भाग ते बघतो," सर म्हणाले. "यातलं एक जरी बंद पडलं तरी वास घेऊन भागत नाही. मधल्या मेंदूला कुलूप असतं, तर तुम्ही आत्ता शुद्धीवरच नसता. उजेड पडला की डोळ्यातली बाहुली बारीक होते ना, ते त्याचंच काम. विचार करायला मोठा मेंदू आहे. माझ्याकडेही होता, मी तो शालीखाली झाकून ठेवला. म्हणून सांगतो, स्टेजवरचा माणूस शिकलेला आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कार्ड जागेवरून हलवून बघा. आणि औषध बंद करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा."

"मग तुमचं तरी का खरं मानायचं?" पहिल्या रांगेतून शांताबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "मानू नकोस. तपासून बघ."

शांताबाई उठल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि नवऱ्याची हनुवटी धरून सगळ्यांदेखत तो त्यांच्या डोळ्यांवर मारला. एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"मधला चालू आहे," त्यांनी जाहीर केलं. "मोठ्याचं अजून बघावं लागेल."