सगळं चालतं, मावशी

वाचनालयाच्या सभागृहात साठेक माणसं जमली होती. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स साध्या माणसाला झेपतं का, हा विषय. बोलणारा एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचा. फुकट मिळणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या या प्रणालीवर त्याचा भारी जीव. पुरावा म्हणून त्याने सख्ख्या मावशीलाच पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. मावशी शाळांच्या गणवेशांवर मशीनने बोधचिन्हं भरून द्यायची. सात महिन्यांपूर्वी तिचा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा भाच्याने एका दुपारात जुनं सगळं पुसून लिनक्स बसवलं होतं.

"भरतकामाचं सॉफ्टवेअर चालतं का यावर?" मागून एका बाईने विचारलं.

मावशीने भाच्याकडे पाहिलं. मग उभी राहून म्हणाली, "चालतंय की. भाच्याने सगळं नीट बसवून दिलंय."

टाळ्या पडल्या. भाचा फुलून गेला.

चहाच्या वेळी शिलाई मशीनचे एक दुकानदार मावशीजवळ आले. "ताई, उद्या जरा लवकर या. दहानंतर कॉम्प्युटर मला लागेल."

भाचा शेजारीच कप घेऊन उभा होता. मावशीने घाईघाईने पदर सारखा केला आणि विषय बदलला, पण व्हायचं ते झालं होतं.

बाहेर पायऱ्यांवर त्याने विचारलं, "तू त्यांच्या दुकानात कशाला जातेस?"

"नक्षी करायला. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं सॉफ्टवेअर चालतं. तिथे करते, पेनड्राइव्हवर घेते, घरी येऊन मशीनला लावते."

"रोज?"

"काम असेल तेव्हा. म्हणजे रोजच. दोन बस बदलाव्या लागतात, एवढंच."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं रे, तिसऱ्याच दिवशी. फोनवर."

त्याला आठवलं. फोन स्पीकरवर होता, टेबलाभोवती चारपाच सहकारी होते. मावशी म्हणत होती, माझं भरतकामाचं उघडत नाही. आणि तो त्यांना डोळा मारून म्हणाला होता, "सगळं चालतं, मावशी. सवयीचा प्रश्न आहे." सगळे हसले होते. ते हसणं पलीकडे ऐकू गेलं असणार, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. 

"आणि आज खोटं का बोललीस?"

"एवढ्या लोकांत तुला तोंडघशी पाडू?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पिशवीत बसचा पास शोधत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि तिच्याबरोबर दुकानात गेला. दोन तास तिच्यामागे स्टुलावर बसला. एका चिन्हातल्या पानाची शीर तिने अकरा वेळा वळवून पाहिली, टाक्यांची दिशा बदलली, त्यांची दाटी मोजली. तिचं काम त्याने आजवर एकदाही पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्याने विचारलं, "मावशी, तुला कॉम्प्युटरवर काय काय लागतं?" हा प्रश्न सात महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता, हे म्हणताना त्याची मान वर झाली नाही.

तिने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. कपाटातून तिच्या सॉफ्टवेअरची मूळ डिस्क निघाली. त्याने जुनी प्रणाली पुन्हा बसवली आणि तिच्यात ते सॉफ्टवेअर घातलं. लिनक्स काढायला गेला तर तिने हात धरला. "ते राहू दे शेजारी. पत्रं आणि फोटो त्यात पटकन उघडतात. वाईट नाहीये ते."

संध्याकाळी त्याने सभेतल्या सगळ्यांना पत्र लिहिलं. माझ्या मावशीचं काम लिनक्सवर चालत नव्हतं. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काल ती माझी अब्रू राखायला बोलली. पुढे एक वाक्य होतं, की असे प्रसंग अपवादात्मक असतात. ते त्याने दोनदा वाचलं आणि खोडलं.

तिला वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "अब्रूबिब्रू कशाला लिहायचं." मग म्हणाली, "पाठव."