तीन पुकारे

माझे पणजोबा धोंडप्पा यांनी उदगीरच्या अडतीत दिलेला शब्द कधी मागे घेतला नाही. आजोबा सिद्रामप्पा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले, पण घरी मुलींनाही मराठी अक्षरे गिरवायला लावली. वडील मृत्युंजयअप्पांनी मला, लिंगायत घरातल्या मुलीला, सोलापूरला सिस्टरांच्या शाळेत घातले तेव्हा भावकीने वर्षभर आमच्या घरी पाय ठेवला नाही. मी त्या घराण्यातली जगदेवी. वय अठ्ठ्याहत्तर.

आमच्या कॅथलिक शिक्षण मंडळाचे आजचे कार्यालय पाहून पूर्वीची कल्पना येत नाही. तेव्हा लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत एखादा फादर सायकलवर जाई, लिंबाच्या झाडाला फळा टांगून शिकवी, आणि त्याची बदली झाली की शाळाही बंद पडे. ते थांबावे म्हणून मंडळ झाले. पगार, बदल्या, प्रवेश, सारे एका ठिकाणाहून होऊ लागले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मंडळाने लातुरात वसतिगृहासह कन्याशाळा काढली. जागा चाळीस, आणि पहिला हक्क भूकंपातल्या अनाथ मुलींचा. मी मंडळावरची एकमेव कॅथलिक नसलेली सदस्य. माझे अक्षर चांगले, म्हणून पहिली यादी स्वच्छ लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या यादीत किल्लारीजवळच्या एका धर्मशिक्षकाची मुलगी होती, सिंधू ग्यानोबा. आईवडील दोघेही ढिगाऱ्याखाली गेलेले. तिचे नाव वगळून मी तेथे माझ्या उज्वलेचे नाव लिहिले. खेड्यातली पोर, चौथीपर्यंत शिकली तरी पुष्कळ, असे मी मनाला सांगितले. कोणी ताडून पाहिले नाही. उज्वला आज नांदेडला डॉक्टर आहे.

दोन वर्षांनी ठराव मांडला तो मीच. यादी लागल्यावर एकही जागा वाढणार नाही. प्रवेशाच्या दिवशी सर्वांसमोर प्रत्येक नावाचा तीनदा पुकारा होईल. पालकाने ‘हजर’ म्हटले नाही, तर ती जागा एकेचाळिसाव्या नावाला जाईल. माझ्या शिस्तीचे कौतुक झाले, आणि मी ते ऐकून घेतले.

यंदा जूनमध्ये यादीत सतरावे नाव उज्वलेच्या मुलीचे, शिवानीचे होते. उज्वलेला रजा नव्हती. तिचे अधिकारपत्र पर्समध्ये घेऊन मी मंडळाच्या खुर्चीवर बसले होते. पुकारा सुरू होण्याआधी एक बाई पुढे आली. सोबत सहा वर्षांची मुलगी.

“मॅडम, एकेचाळिसावं नाव आमच्या सुकन्याचं हाय. काही व्हतं का बघा की.”

“मुलगी तुमची?”

“नात हाय.” ती हसली. “चाळीस वर्सांची आजी बघितली न्हाई का कधी? पंधराव्या वर्सीच लगीन लावलं चुलत्यानं. मी सिंधू, ग्यानोबा मास्तरची. भूकंपानंतर ह्याच शाळेत यायचं व्हतं. फादर म्हनले, नाव घेतलंय. पेटी भरून बसले, आन् यादीत नावच न्हाई. कुठं गळलं काय की.”

उज्वला तिच्याच वयाची.

मी मंडळाचे चिटणीस फादर सुदर्शन यांना बाजूला घेतले. “एक बाक वाढवा.”

“आजी, ठराव तुमचाच. मागच्या वर्षी आमदाराची चिठ्ठी तुम्ही माझ्यादेखत फाडलीत.”

“मी सांगते आहे.”

“म्हणूनच जमणार नाही. उद्या लोक मला काय म्हणतील?”

निघून जावे तर गणसंख्या मोडून सर्वांचेच प्रवेश अडकणार होते. तोही नियम माझाच. इतक्यात उज्वलेचा फोन आला.

“आई, झालं का? शिवानी गणवेश घालून बसलीय, काढतच नाही. तू नुसतं ‘हजर’ म्हण. एवढंच तर काम आहे!”

मी खुर्चीवर परतले. दाराशी पालकांची दाटी, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. सोळा नावे झाली.

“सतरा. शिवानी!”

माझे ओठ उघडले होते. मी ते मिटले.

“शिवानी!” फादरांनी माझ्याकडे पाहिले. “आजी, तुमचीच नात ना?”

मी टेबलाची कड धरून ठेवली.

“शिवानी!”

मी उठून उभी राहिले. “पालक हजर नाही, असे लिहा. आणि कारणही लिहा. पहिल्या यादीत सिंधू ग्यानोबा हे नाव होते. ते मी वगळले आणि माझ्या मुलीचे लिहिले. ही जागा त्या बाईची आहे.”

पर्समधला फोन वाजत राहिला. फादर खाली पाहून लिहू लागले. सिंधू मात्र माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेखालून सुटण्यासारखी वाट तेथे नव्हती.

“तुमी व्हय?” ती हळूच म्हणाली.

“मी.”

“पेटी दोन सालं उघडली न्हाई मी. वाटायचं, बोलावनं येईल.”

मी मान खाली घातली नाही.

चाळीस नावे संपली. “एकेचाळीस. सुकन्या!”

“हजर! हजर हाय!” सिंधू पहिल्याच पुकाऱ्याला ओरडली. शिपायाने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. तिने ती परत सारली, पेन मागून घेतले आणि चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरांत सावकाश सही केली. मग पेन माझ्यापुढे ठेवले.

“माझी सालं गेली ती गेली, बाई. ती तुमच्याच्यानं देनं व्हनार न्हाई. पर घेतली व्हती जागा, दिली जागा. फिटलं.”